प्रतिकारक टोमॅटोची आपल्याच मातीत परीक्षा: मुळांवरच्या गाठींसाठी कुंडी-चाचणी

‘सूत्रकृमी-प्रतिकारक वाण लावला, तरी मुळांवर गाठी आल्याच’ ही तक्रार टोमॅटोच्या दर हंगामात ऐकू येते. सूत्रकृमी म्हणजे मातीतून मुळांत शिरणारे, दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी. खोलात गेलं की बहुतेक वेळा चारपैकी एक कारण निघतं. वाण त्या सूत्रकृमीसाठी प्रतिकारक नव्हताच. किंवा जमीन फार तापलेली होती. किंवा रोपं रोपवाटिकेतूनच गाठी घेऊन आली होती. किंवा मुळांवर जे दिसलं ते अपयश नव्हतंच, बघणाऱ्याने चुकीची खूण पाहिली. ही चारही कारणं एकरभर लागवड करण्याआधी वीस कुंड्यांत शोधता येतात. खर्च फार नाही, पण क्रम पाळावा लागतो. क्रम चुकला की चाचणी खोटा दिलासा देते, आणि तो न केलेल्या चाचणीपेक्षा महाग पडतो.

## आधी मुळाच्या आत काय घडतं ते समजून घ्या

गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचं नाव मेलॉयडोगायनी. आपल्याकडे भाजीपाल्यात प्रामुख्याने इन्कॉग्निटा आणि जॅव्हानिका या दोन जाती सापडतात. अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. ती मुळाच्या टोकाजवळून आत शिरतात आणि अन्न-पाणी वाहणाऱ्या भागापर्यंत जातात.

बळी पडणाऱ्या वाणात पिल्लू तिथेच ठाण मांडतं. त्याच्या तोंडाभोवतीच्या काही पेशी फुगून राक्षसी आकाराच्या होतात आणि मादी आयुष्यभर त्यांच्यावरच पोसली जाते. आजूबाजूचं मूळ सुजतं, तीच गाठ. जमीन २५ ते २८ अंश सेल्सिअस असेल तर साधारण महिन्याभरात मादी मुळाच्या पृष्ठभागावर चिकट पिशवीत अंडी घालते. एका पिशवीत काही शे अंडी असतात. टोमॅटोचं पीक जमिनीत चार-पाच महिने राहतं, म्हणजे एका हंगामात तीन-चार पिढ्या होतात.

प्रतिकारक वाणातही पिल्लं मुळात शिरतातच. बहुतेकांची गल्लत इथे होते. फरक शिरल्यानंतर पडतो: पिल्लू खायला बसलं की तोंडाजवळच्या पेशी साधारण एका दिवसात स्वतःहून मरतात, राक्षसी पेशी तयार होत नाहीत आणि पिल्लू उपाशी मरतं किंवा मूळ सोडून जातं. म्हणून प्रतिकारक मुळावर कुठेतरी बारीक फुगवटा दिसणं म्हणजे वाण फसला असं नाही. खरी कसोटी अंड्यांच्या पिशव्यांची आहे. सूत्रकृमीची पुढची पिढी तयार झाली की नाही, एवढंच शेवटी मोजायचं.

## पायरी १: रोग गाठींचाच आहे ना, ते पक्कं करा

दुपारी झाड माना टाकतं, संध्याकाळी सावरतं, शेतात अशी झाडं ठिपक्याठिपक्यांनी दिसतात. एवढ्यावर बुरशीनाशकाची आळवणी (औषधाचं पाणी मुळाशी ओतणं) सुरू होते. थांबा. असं एक झाड टिकावाने बाजूची माती मोकळी करून अख्खं काढा. हाताने उपटलं तर गाठी असलेली बारीक मुळं तुटून जमिनीतच राहतात आणि हाती स्वच्छ दिसणारं सोटमूळ येतं. मुळं बादलीत भिजवून धुवा.

- मुळाचाच भाग सुजलेला आहे, गाठ खुडून वेगळी होत नाही: सूत्रकृमी.
- खोड आडवं कापून टोक स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरलं आणि काही मिनिटांत दुधासारखी धार उतरली: जिवाणूजन्य मर.
- खोड उभं चिरल्यावर आतल्या वाहिन्या तपकिरी, पण धार नाही: बहुधा फ्युजॅरियम मर.

चवळी, घेवडा, वाल यांच्या मुळांवरच्या गाठी पाहून घाबरू नका. नत्र साठवणाऱ्या या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सहज निघतात आणि आतून गुलाबी दिसतात.

सावधान: एकाच झाडात दोन रोग असू शकतात. सूत्रकृमींच्या जखमांतून मर रोगाला वाट मिळते. धार दिसली म्हणून मुळं बघायची सोडू नका.

## पायरी २: माती योग्य वेळी आणि योग्य खोलीवरून घ्या

माती घ्यायची वेळ म्हणजे बळी पडणाऱ्या पिकाचा शेवट. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, दुधी यापैकी काहीही चालेल, फक्त पीक निघायच्या आधी घ्या. उन्हाळ्यात दोन महिने पडीक असलेल्या रानातली माती घेतली तर सूत्रकृमी इतके कमी भरतात की प्रतिकारक आणि बळी पडणारा, दोन्ही वाण ‘पास’ होतात.

१. शेतात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणं निवडा. कोमेजलेल्या ठिपक्यांच्या कडेची झाडं धरा. पूर्ण मेलेल्या झाडाखाली सूत्रकृमी कमी असतात, कारण त्यांना खायला जिवंत मूळ लागतं.
२. वरची ५ सेंमी माती बाजूला सारा. ५ ते २० सेंमी खोलीवरची, मुळांच्या लगतची माती बारीक मुळांसकट घ्या.
३. एकूण २५ किलो जमवा. सावलीत हाताने ढेकळं फोडून एकत्र कालवा.
४. गाठी असलेली मुळं १ ते २ सेंमीचे तुकडे करून त्याच मातीत सारखी मिसळा.

सावधान: माती वाळवू नका, उन्हात ठेवू नका, बंद गाडीत ठेवू नका. माती वाळवून चाळायची सवय माती परीक्षणासाठी ठीक आहे. इथे तिनेच चाचणी मरते. लगेच कुंड्या भरणं जमणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत, सावलीत, थोडी ओलसर ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा.

सूत्रकृमीची नेमकी जात कळावी म्हणून यातली अर्धा किलो माती आणि मूठभर गाठींची मुळं प्रयोगशाळेत द्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम चालतं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातूनही नमुना पुढे कसा पाठवायचा ते कळेल. जात का कळायला हवी ते पायरी ७ मध्ये येतं.

## पायरी ३: चार गट, वीस कुंड्या

फक्त प्रतिकारक वाणच कुंडीत लावायचा ही सर्रास होणारी चूक आहे. मुळं स्वच्छ निघाली तर श्रेय वाणाचं, की मातीत सूत्रकृमीच नव्हते? शेजारी बळी पडणारा वाण असल्याशिवाय हे सांगता येत नाही.

- रोगट माती + बळी पडणारा वाण: ७ कुंड्या
- रोगट माती + प्रतिकारक वाण: ७ कुंड्या
- निर्जंतुक माती + बळी पडणारा वाण: ३ कुंड्या
- निर्जंतुक माती + प्रतिकारक वाण: ३ कुंड्या

बळी पडणारा म्हणून पुसा रुबी घ्या. संशोधनातही तुलनेसाठी हाच वाण अनेकदा वापरतात. प्रतिकारक म्हणून तुम्ही प्रत्यक्ष लावणार असाल तोच वाण. सरळ वाणांत हिसार ललित आणि पुसा १२० गाठींना प्रतिकारक म्हणून ओळखले जातात.

निर्जंतुक मातीसाठी त्याच मातीतली ६ ते ७ किलो माती ओलसर करून मोठ्या भांड्यात वाफवा. मधोमध तापमान ७० अंशांवर गेल्यावर अर्धा तास तसंच राहू द्या. पूर्ण थंड झाल्यावर वापरा.

काळी चिकट माती कुंडीत घट्ट बसते आणि मुळं गुदमरतात. अशा वेळी दोन भाग मातीला एक भाग स्वच्छ वाळू मिसळा, पण चारही गटांत सारखीच. शेणखत, निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा यातलं काहीही घालू नका. आत्ता वाणाची परीक्षा आहे, औषधांची नाही.

कुंड्या विटांवर ठेवा, प्रत्येकीखाली स्वतंत्र थाळी. एका कुंडीचं पाणी दुसरीत गेलं की निर्जंतुक गट बाद झाला असं समजा.

तपासा: प्रत्येक कुंडीवर गट, वाण आणि तारीख ऑइलपेंटने लिहिली का? पाण्याने पुसली जाणारी शाई नको. दीड महिन्याने कुठली कुंडी कोणती हे आठवत नाही.

## पायरी ४: बियाण्याचं पाकीट नीट वाचा

‘रोगप्रतिकारक’ हा शब्द पाकिटावर असणं पुरेसं नाही. कोणत्या रोगाला? पर्णगुच्छ विषाणूला प्रतिकारक असलेला वाण सूत्रकृमीपुढे उघडा असू शकतो. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात ‘एमए’, ‘एमआय’, ‘एमजे’ ही अक्षरं शोधा. ती अनुक्रमे ॲरेनेरिया, इन्कॉग्निटा आणि जॅव्हानिका या जातींसाठी असतात. जुन्या पत्रकांत नुसतं ‘एन’ लिहिलेलं असतं. त्यापुढे ‘एचआर’ म्हणजे उच्च प्रतिकार, ‘आयआर’ म्हणजे मध्यम. टोमॅटोत सूत्रकृमीपुढे बहुतेकदा ‘आयआर’च दिसेल. त्याचं एक मोठं कारण पुढच्या पायरीत आहे.

रोपं नव्या कोकोपीटमध्ये, धुतलेल्या प्रो-ट्रेमध्ये स्वतःच वाढवा. विकतची रोपं या चाचणीत नकोतच. २१ ते २५ दिवसांची रोपं कुंडीत लावताना प्रत्येकाची मुळं बघा.

सावधान: संकरित वाणाचं घरी धरलेलं बी वापरू नका. प्रतिकाराचं जनुक पालकांपैकी एकाकडूनच आलेलं असेल तर पुढच्या पिढीतली साधारण चौथा हिस्सा झाडं बळी पडणारी निघतात.

## पायरी ५: तापमानावर सगळं अवलंबून आहे

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बाजारातल्या जवळपास सगळ्या सूत्रकृमी-प्रतिकारक टोमॅटोत एकच जनुक काम करतं. त्याचं नाव एमआय-१ (पत्रकातलं ‘एमआय’ हे जातीचं अक्षर वेगळं), आणि ते रानटी टोमॅटोतून आणलेलं आहे. मुळाजवळची माती सातत्याने २८ अंशांच्या वर राहिली की या जनुकाचं काम ढिलं पडतं. मग पिल्लाच्या तोंडाजवळच्या पेशी मरत नाहीत, राक्षसी पेशी तयार होतात आणि प्रतिकारक झाडावर बळी पडणाऱ्यासारख्याच गाठी धरतात. वाण तोच, बी तेच, फक्त जमीन तापलेली.

आता आपल्याकडच्या लागवडीकडे बघा. नाशिक पट्ट्यात पावसाळ्यात लावलेला टोमॅटो ढगाळ हवेत, गार जमिनीत मुळं धरतो. जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात उन्हाळी टोमॅटो फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात उभा असतो. पहिल्या हंगामात उत्तम ठरलेला वाण दुसऱ्यात गाठींनी भरला, तर दोष बियाण्याला देण्याआधी थर्मामीटर बघायला हवा.

त्यासाठी:

१. मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर आणा. ज्या हंगामात लागवड करायची आहे, त्या हंगामात शेतात १० सेंमी खोलीवर दुपारी दोन-तीनच्या सुमारास आणि पहाटे असं तापमान आठवडाभर लिहा.
२. कुंडी-चाचणी त्याच हंगामात करा. डिसेंबरच्या चाचणीवर उन्हाळी लागवडीचा निर्णय घेऊ नका.
३. कुंड्या थेट उन्हात ठेवू नका. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी किंवा ग्रो बॅग बाजूंनी तापते आणि आतली माती शेतापेक्षा कितीतरी गरम होते. शेडनेटखाली ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा, आणि कुंडीतलं तापमान शेतातल्या तापमानाच्या जवळ आणा.

तपासा: रोज एकाच वेळी एका कुंडीचं तापमान वहीत लिहा. ही नोंद नसेल तर शेवटी दोन्ही वाणांवर गाठी आल्या तरी कारण सांगता येणार नाही.

## पायरी ६: मुळं कधी आणि कशी बघायची

रोप लावल्यापासून दिवस मोजा. पाणी रोज थोडं द्या; माती ना चिखल, ना कोरडी. पहिल्या आठवड्यानंतर १९:१९:१९ हे विद्राव्य खत अगदी सौम्य प्रमाणात चालेल. कीटकनाशकाची आळवणी नको.

१४वा दिवस. रोगट मातीतली प्रत्येक वाणाची एक कुंडी काढा. बळी पडणाऱ्या वाणाच्या बारीक मुळांच्या टोकांजवळ मोहरीएवढे किंवा त्याहून लहान फुगवटे दिसायला हवेत. प्रतिकारक वाणावर काहीच नाही, किंवा एखाद-दुसरा.

३०वा दिवस. पुन्हा एक-एक कुंडी. गाठी मोठ्या, एकमेकींना चिकटलेल्या दिसतील. गाठीच्या बाहेर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी चिकट ठिपके दिसले तर त्या अंड्यांच्या पिशव्या. थंडीत सगळं लांबतं. माती २० अंशांच्या आसपास असेल तर इथवर यायला दोन महिनेही लागतात; अशा वेळी पुढचे दिवसही वाढवा.

४५ ते ५०वा दिवस. उरलेल्या सगळ्या कुंड्या. कुंडी उलटी करून मातीचा गोळा अख्खा बादलीत सोडा, १५ मिनिटं भिजू द्या, मग हलक्या हाताने माती सोडवा. नळाच्या जोराच्या धारेखाली मूळ धरलं की अंड्यांच्या पिशव्या वाहून जातात आणि वाण होता त्यापेक्षा चांगला दिसतो.

पिशव्या डोळ्यांना सहज दिसत नसतील तर रंगवा. एक भाग द्रवरूप लाल खाद्यरंग, चार भाग पाणी, त्यात धुतलेली मुळं १५ मिनिटं बुडवा, नंतर साध्या पाण्यातून काढा. चिकट पिशव्या लाल राहतात, मूळ फिकट होतं. पांढऱ्या थाळीत पसरून भिंगाने मोजा.

सावधान: आधी निर्जंतुक गट धुवा, मग प्रतिकारक, शेवटी बळी पडणारा. उलट क्रमाने केलं तर एकाची अंडी दुसऱ्याच्या मुळावर दिसतात. प्रत्येक गटाला पाणी बदला.

## पायरी ७: गुण द्या आणि निकाल वाचा

प्रत्येक झाडाला ० ते ५ असे गुण द्या, गाठींचे वेगळे आणि अंड्यांच्या पिशव्यांचे वेगळे:

- ०: एकही नाही
- १: १ ते २
- २: ३ ते १०
- ३: ११ ते ३०
- ४: ३१ ते १००
- ५: १०० हून जास्त

आता क्रमाने वाचा. आधी निर्जंतुक गट. त्यात गाठी दिसल्या तर माती नीट वाफवली गेली नाही, किंवा रोपं, पाणी, हात यातून सूत्रकृमी आले. अशी चाचणी पुन्हा करा. बाकीच्या आकड्यांतून अर्थ काढू नका. मग रोगट मातीतला बळी पडणारा वाण. त्याला ४ किंवा ५ मिळायला हवेत. १-२ वर असेल तर मातीत सूत्रकृमी पुरेसे नव्हते, आणि प्रतिकारक वाणाची परीक्षा झालीच नाही.

दोन्ही ठीक असतील तरच प्रतिकारक वाणाकडे या.

*पिशव्यांचे गुण ० ते १, गाठी थोड्या असोत वा नसोत:* वाण तुमच्या मातीत, या तापमानाला काम करतो. लावा.

*पाचपैकी चार झाडं स्वच्छ, एक गाठींनी भरलेलं:* बियाण्यात भेसळ. त्याच लॉटचं बी आणून पुन्हा तपासा आणि विक्रेत्याला लेखी कळवा.

*सगळ्याच झाडांवर पिशव्यांचे गुण २-३:* तापमानाची वही उघडा. माती बरेच दिवस २८ च्या वर होती का? असेल तर हाच वाण गार हंगामात ठेवा.

*सगळ्याच झाडांवर पिशव्यांचे गुण ४-५ आणि तापमान ठीक होतं:* दोन शक्यता. एक, त्या रानात प्रतिकारक टोमॅटो वर्षानुवर्षं लावल्याने त्याला न जुमानणारे सूत्रकृमी निवडले गेले आहेत. दोन, जातच वेगळी आहे. एन्टेरोलोबी ही जात भारतातल्या पेरूच्या बागांत आढळली आहे आणि एमआय-१ तिला रोखू शकत नाही. रानात किंवा शेजारी पेरू आहे का, आणि पेरूची कलमं कुठून आणली होती, हे आठवा. प्रयोगशाळेत दिलेला नमुना इथेच कामी येतो.

वाण बदलून बघू असं लगेच वाटेल. पण कंपनी बदलली तरी आतलं जनुक बहुधा तेच असतं, त्यामुळे पाकीट बदलल्याने काही साधत नाही. अशा रानात टोमॅटोच थांबवायला हवा.

## पायरी ८: शेतात उतरवताना

प्रतिकारक वाण म्हणजे सूत्रकृमींची पुढची वाढ रोखणं. मातीत आधीपासून असलेल्यांचा भार कमी करणं हे वेगळं काम आहे आणि ते लागवडीआधीच करायचं असतं.

एप्रिल-मेमध्ये दोन-तीन खोल नांगरटी, मधे दहा-पंधरा दिवस अंतर. शक्य असेल तिथे सौर तापवणी: बेड भिजवा, पारदर्शक पातळ प्लॅस्टिक कडा मातीत दाबून बसवा, ४ ते ६ आठवडे ठेवा. काळं प्लॅस्टिक चालत नाही, ते स्वतः तापतं आणि जमिनीत उष्णता कमी जाते. कोरड्या बेडवर टाकलेलं प्लॅस्टिकही फारसा उपयोग करत नाही. त्यानंतर निंबोळी पेंड हेक्टरी १ टन, लागवडीआधी दोन-तीन आठवडे मातीत मिसळून.

उन्हाळी लागवडीत काळ्याऐवजी वरून चंदेरी मल्चिंग पेपर घ्या, जमीन कमी तापते. लागवड संध्याकाळी करा.

झेंडूबद्दल एक गैरसमज आहे. टोमॅटोच्या दोन ओळींत चार झेंडू लावून सूत्रकृमी जात नाहीत. झेंडू दोन-तीन महिने सलग पीक म्हणून, दाट लावावा लागतो आणि त्या रानात तण ठेवायचं नसतं. कामोणी आणि माठासारख्या तणांवरही हे सूत्रकृमी वाढतात.

वांग्यात टोमॅटोसारखे प्रतिकारक वाण सहज मिळत नाहीत. तिथे सोलॅनम टॉर्व्हमच्या खुंटावरचं कलमी रोप हा टिकाऊ मार्ग आहे. काकडीत मात्र मातीची तयारीच करावी लागते, वाणावर विसंबून चालत नाही.

फोरेटबद्दल अजूनही विचारणा होते. ते ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. दुकानात जुना साठा दाखवला तरी घेऊ नका. दुसरं कुठलंही सूत्रकृमीनाशक घेताना लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, एवढं वाचल्याशिवाय पाकीट फोडू नका.

सलग दोन हंगामांपेक्षा जास्त प्रतिकारक टोमॅटो एकाच रानात नको. दरवर्षी पीक संपताना दहा झाडं खोदून पिशव्यांचे गुण वहीत लिहा. आकडा ० वरून १, १ वरून २ असा चढू लागला तर पुढच्या हंगामात तिथे झेंडू किंवा कांदा-लसूण घ्या आणि टोमॅटो दुसरीकडे न्या.

## पायरी ९: चाचणीची माती आणि मुळं

चाचणी संपली की कुंड्यांत तुमच्या रानातल्यापेक्षा कितीतरी जास्त सूत्रकृमी असतात. ही माती बांधावर, परसबागेत किंवा उकिरड्यावर टाकू नका. मुळं उन्हात कडक वाळवून जाळा, खतात घालू नका. माती काळ्या ताडपत्रीवर पातळ पसरून भर उन्हात, रोज हलवत, दोन-तीन आठवडे पूर्ण वाळवा, किंवा पुन्हा वाफवा. कुंड्या, थाळ्या, खुरपी, बादल्या घासून धुवा आणि उन्हात ठेवा. मुळं धुतलेलं पाणी बागेत सोडू नका. उकळा, थंड झालं की मग ओता.